लोअर आर्मचे बुश घरी बदलताना: शेवटचा बोल्ट केव्हा कसावा

मोटारीचे पुढचे चाक ज्या लोअर आर्मने सांगाड्याशी जोडलेले असते, तो आर्म सबफ्रेमला (सांगाड्याच्या पुढच्या भागाखालची लोखंडी चौकट) जिथे बोल्टने बांधलेला असतो तिथे रबरी बुश बसवलेले असतात. बाहेर लोखंडी कडे, मधोमध लोखंडी नळी आणि या दोहोंना कायमचे चिकटवलेले मधले रबर, अशी या बुशची रचना असते. बोल्ट कसला की आतली नळी सबफ्रेमच्या दोन पात्यांमध्ये घट्ट आवळली जाते आणि ती फिरत नाही. चाक खड्ड्यात उतरते किंवा गतिरोधकावर चढते तेव्हा आर्म वरखाली होतो, आणि त्या हालचालीपुरते रबर स्वतः पिळते व पुन्हा पूर्ववत होते. या बुशमध्ये कोणताही भाग दुसऱ्या भागावर घसरत नाही, त्यामुळे त्यात ग्रीस भरून किंवा तेल सोडून आवाज बंद करण्याचा उपाय मुळातच निरुपयोगी आहे. उलट खनिज तेलाने रबर फुगते व मऊ पडते. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यानंतर खालची बाजू काळीभोर चकचकीत दिसावी म्हणून डिझेल किंवा तेल फवारण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिला स्पष्ट नकार द्यावा, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

नागपुरात या रबराची परीक्षा जरा जास्तच कडक होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तापलेल्या सिमेंट रस्त्याची धग दिवसभर गाडीच्या पोटाला लागत राहते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. त्यात सिमेंट रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्यामधील उंचवटे, लेआउटमधील गल्ल्यांत रहिवाशांनी आपापल्या अंदाजाने बांधलेले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांची भर पडते. त्यामुळे बुश बदलण्याची वेळ किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवण्यापेक्षा प्रत्यक्ष तपासणीवरून ठरवणे अधिक योग्य आहे.

हा लेख पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा लोअर आर्म असलेल्या लहान गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, वॅगनआर, आय१० अशा बहुतेक हॅचबॅक गाड्या या प्रकारात मोडतात. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत स्टॅबिलायझर बारच (वळणावर गाडी कलू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) आर्मला पुढेमागे धरून ठेवण्याचे काम करतो, त्यामुळे तिचे बुश बदलण्याची रीत वेगळी आहे आणि ती येथे घेतलेली नाही.

आधी दोष नक्की करावा

समोरून आवाज आला की बुश गेले, असे समजून सामान विकत आणणे हा सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. छोट्या छोट्या खाचखळग्यांवरून हळू जाताना सतत खडखड होत असेल तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक रॉड झिजलेली असते. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना करकर होत असेल किंवा स्प्रिंग झटका देत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगकडे पाहावे. आर्म बुशचा आवाज यांहून निराळा असतो. तो ब्रेक मारताना किंवा क्लच सोडून गाडी हलवताना एकदाच ‘ठक्’ असा येतो, कारण त्या क्षणी चाकाला पुढे किंवा मागे ढकलणारा जोर सगळा या बुशवर पडतो. याच्या जोडीला ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाणे, सरळ रस्त्यावर स्टीअरिंगला सारखी दुरुस्ती द्यावी लागणे आणि अलाइनमेंट करूनही टायरची एक कड लवकर घासली जाणे, ही लक्षणे दिसतात. शहराच्या वेगात जे जाणवत नाही ते समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, तिथे स्पष्ट जाणवते. मात्र स्टीअरिंग भरकटत असताना त्या वेगाने मुद्दाम चाचणी घेण्याचा मोह आवरावा.

खात्री करण्यासाठी एक साधी चाचणी पुरते. मोकळ्या जागेत गाडी हळू मागे घ्यावी आणि ब्रेक एकदम दाबावा. नंतर तेच पुढे जाताना करावे. दोन्ही वेळा एकाच बाजूने ‘ठक्’ आले तर त्या बाजूचा आर्म संशयास्पद धरावा. त्यानंतर गाडी जॅकने उचलून स्टँडच्या आधारावर घ्यावी आणि आर्म व सबफ्रेम यांच्यामध्ये टॉमी (लांब लोखंडी पहार) घालून हलके रेटावे. रबर थोडे दबणे स्वाभाविक आहे, आणि पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक चिरांनीही घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रबर कड्यापासून सुटलेले दिसले, चीर आरपार गेलेली असली, मधली नळी मध्यभाग सोडून एका बाजूला टेकलेली असली किंवा काही गाड्यांच्या द्रवभरित बुशमधून काळसर ओघळ आलेला असला, तर बुश बदलायला हवा. त्याच वेळी आर्मचे बाहेरचे टोक चाकाकडच्या भागाला जोडणारा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंटही तपासावा. चाक वर-खाली धरून हलवताना त्यात सैलपणा जाणवला किंवा त्याचे रबरी बूट फाटलेले दिसले, तर पुढचा निर्णय सोपा होतो.

नुसते बुश की पूर्ण आर्म?

बॉल जॉइंटही झिजला असेल तर नवीन पूर्ण आर्म आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण आर्ममध्ये बुश आणि बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंटही बसवूनच येतो, त्यामुळे प्रेसचे काम राहत नाही आणि नवशिक्याच्या हातून बिघडण्यासारखा सर्वांत अवघड टप्पा टळतो. बॉल जॉइंट चांगला असेल तर केवळ बुश बदलणे निश्चितच स्वस्त पडते. त्या वेळी आर्म घरी काढून बुश काढण्या-बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपकडे न्यावा. हिंगणा एमआयडीसीच्या पट्ट्यात आणि शहरातील लेथच्या दुकानांत ही सोय मिळते. कोणताही मार्ग घेतला तरी बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, कारण एका बाजूला कडक नवे आणि दुसऱ्या बाजूला थकलेले रबर असेल तर ब्रेक मारताना गाडीचे ओढले जाणे कायम राहू शकते.

सुटे भाग घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून थांबू नये, जुन्या भागावरचा किंवा मॅन्युअलमधला पार्ट नंबर जुळवून पाहावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आर्म बदललेले असतात. दुकानदार कधी पॉलियुरेथेनचे बुश दाखवतो. ते टिकाऊ असतात हे खरे, पण रोजच्या वापराच्या गाडीत त्यांच्यामुळे रस्त्याची थरथर आत येते आणि वेळोवेळी सिलिकॉन ग्रीस न दिल्यास ते कुरकुरतात. ऑफिस, शाळा, बाजार एवढाच प्रवास असलेल्या गाडीला मूळ पद्धतीचे रबरी बुशच योग्य आहेत.

जागा, वेळ आणि हत्यारे

काम सकाळी लवकर सुरू करावे आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. उन्हाळ्यात नऊनंतर पाने हातात धरवत नाहीत आणि घाईत माणूस सुरक्षेच्या गोष्टी टाळू लागतो. जागा पक्की, सपाट आणि सिमेंटची असावी. शहराच्या कडेच्या अनेक लेआउटमध्ये अंगणात मुरूम किंवा काळी माती असते, आणि त्यावर उभा केलेला जॅक गाडीचे वजन येताच तिरका होत खाली रुततो. जाड फळी टाकून ही अडचण निभावता येईल असे वाटते, परंतु नवशिक्याने तसा प्रयोग न करता पक्की फरशी असलेली जागाच शोधावी.

हायड्रॉलिक जॅक, दोन भक्कम स्टँड (गॅरेजात ज्यांना घोडी म्हणतात त्या), मागच्या चाकांना लावायचे लाकडी गुटके, १४, १७ व १९ मिलिमीटरचे सॉकेट आणि रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, टॉमी, हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मोजपट्टी, रंगाचा मार्कर, डोळ्यांसाठी चष्मा आणि टॉर्क रेंच (बोल्ट मोजून ठरलेल्या जोरानेच कसता येतो असा पाना) एवढे साहित्य लागते. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून एक दिवसासाठी मागून आणावा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नये. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा गाडीसोबत मिळालेला कात्रीचा जॅक यांच्या आधारावर गाडीखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय; वीट हळूहळू झुकून इशारा देत नाही, ती एकदम फुटते.

काढण्याची पद्धत

आदल्या संध्याकाळी आर्मच्या सगळ्या बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, मात्र तो रबरावर उडणार नाही याची काळजी घ्यावी. दुसऱ्या दिवशी जॅक लावण्यापूर्वी एक मोजमाप घ्यायचे आहे आणि ते विसरले तर शेवटचा टप्पा आंधळेपणाने करावा लागतो. गाडी सपाट जागेवर, रिकामी, चारही चाकांत योग्य हवा असताना चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजावे आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवावेत.

त्यानंतर गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना गुटके लावावेत आणि पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून पुढच्या दोन्ही बाजू स्टँडवर घ्याव्यात. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि आर्म सुटताच उसळी मारू शकतो. गाडी स्टँडवर आल्यावर तिला बाजूने चांगले ढकलून पाहावे. ती डगमगणारच असेल तर आपण खाली शिरण्यापूर्वीच डगमगलेली बरी. काढलेली चाके सांगाड्याच्या खाली आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे दुर्दैवाने स्टँड सरकलाच तर मधे जागा राहते.

स्टॅबिलायझर बार आर्मला जोडलेला असल्यास त्याची लिंक आधी सोडवावी. मग बॉल जॉइंटकडे वळावे. बऱ्याच लहान गाड्यांत तो स्टीअरिंग नकलच्या (चाकाचा हब धरणारा भाग) चिमट्यात आडव्या बोल्टने धरलेला असतो. जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. त्यानंतर टॉमीने आर्म खाली दाबला की जॉइंट सुटतो. निमुळत्या दांड्याचा जॉइंट असेल तर नट काही आटे सैल करून नकलच्या डोळ्यावर (ज्या भोकात दांडा बसतो त्याभोवतीच्या धातूवर) बाजूने हातोडीचे ठोके द्यावेत; दांड्याच्या टोकावर हातोडी मारली तर आटे बसतात आणि नट परत लागत नाही. सुटलेला नकल बाहेरच्या बाजूला ओढला गेल्यास ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा दांडा) आतला जॉइंट निसटू शकतो, म्हणून तो तारेने स्ट्रटच्या रेषेतच बांधून ठेवावा आणि ब्रेकच्या होजवर कसलाही ताण येऊ देऊ नये.

आता सबफ्रेमकडचे बोल्ट काढावेत. पुढच्या आणि मागच्या बोल्टची लांबी सारखी नसते, तेव्हा निघतील तसे फोटो काढून वेगवेगळे ठेवावेत. काही ठिकाणी नट सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला असतो. बोल्ट अडला असता लांब दांडा लावून जोर केला तर हा नट आतल्या आत सुटून गोल फिरू लागतो आणि मग सबफ्रेम कापण्यापर्यंत पाळी येते. अशा वेळी पुन्हा स्प्रे मारून थांबावे, थोडा पुढे, थोडा मागे असा बोल्ट हलवत राहावे. घाई येथे कधीच फळत नाही.

प्रेसवर नेण्यापूर्वी

आर्म हाती आल्यावर तो तारेच्या ब्रशने साफ करून तीन गोष्टी नोंदवाव्यात. पहिली, बुश आर्मच्या डोळ्यात किती आत बसलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी किती बाहेर आला आहे. दुसरी, तो कोणत्या बाजूने आत गेलेला आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्याची दिशा. अनेक बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात, ज्यामुळे एका दिशेने रबर मऊ लागते आणि दुसऱ्या दिशेने कडक. बुश चौथाई फेरी फिरवून बसवला तर गाडी हादरे आत पाठवते किंवा ब्रेकखाली चाक मागे सरकते, आणि नवे सामान घालूनही दोष गेलेला दिसत नाही. बुशवर बाण किंवा खाच असेल तर तिच्या सरळ रेषेत आर्मवर मार्करने आणि शिवाय छोट्या पंचाने खूण करावी, कारण मार्करची रेघ प्रेसवाल्याच्या तेलकट हातात पुसली जाते. ही खूण त्याला आधी दाखवावी आणि बुश निघेपर्यंत तिथेच उभे राहावे.

प्रेसवर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. पत्र्याच्या आर्मचे डोळे पोकळ असतात. खालून योग्य मापाच्या नळीचा आधार आणि आतून तुकड्याचा टेकू न देता दाब दिला तर डोळा चेपतो. आणि नवा बुश बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर आला पाहिजे. मधल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिला तर चिकटवलेला थर फाटतो आणि नवा बुश बसण्यापूर्वीच निकामी होतो. डोळ्याची आतली बाजू बारीक एमरी पेपरने स्वच्छ केलेली असावी. रबर थेट डोळ्यात बसणारा बुश असेल तर साबणाचे पाणी वापरावे, ग्रीस किंवा इंजिन तेल नव्हे. जुना बुश निघत नसेल तर बाहेरच्या कड्याला हॅकसॉने काळजीपूर्वक उभी चीर देता येते, पण पाते डोळ्याच्या धातूत उतरू देऊ नये. काही जण रबर गॅसने जाळून काढतात. त्या धुराचा त्रास तर होतोच, शिवाय बॉल जॉइंटचे बूट आणि ग्रीस त्या उष्णतेत खराब होते. ही पद्धत स्वीकारू नये.

आर्म बसवणे आणि कसण्याची वेळ

बसवण्याचा क्रम काढण्याच्या उलट आहे, त्यामुळे त्याचा विस्तार करत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यांत घालावेत, लॉकिंग नट नवे वापरावेत आणि मॅन्युअलमध्ये बोल्ट एकदाच वापरण्याचा म्हटला असेल तर तोही नवा घ्यावा. बॉल जॉइंटचा बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेल्याची खात्री करून याच वेळी ठरलेल्या टॉर्कला कसला तरी चालतो. मात्र बुशमधून जाणारे बोल्ट आत्ता कसायचे नाहीत. आर्म जागेवर राहील पण नळी फिरू शकेल इतकेच ते लावावेत.

याचे कारण लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या रचनेत आहे. गाडी स्टँडवर असते तेव्हा चाक लोंबकळत असते आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट कसला तर रबराची ‘सरळ’ अवस्था तीच ठरते. गाडी जमिनीवर येताच आर्म वर जातो आणि रबर पिळलेल्या धोतरासारखे कायम ताणलेले राहते. गाडी नुसती दारात उभी असली तरी ताण सुटत नाही. त्यावर प्रत्येक गतिरोधकाचा पीळ वाढत जातो, आणि वर्षानुवर्षे टिकायला हवा असा बुश काही महिन्यांत फाटतो. मग दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो. लिफ्टवर गाडी टांगून, एअर गनने सगळे बोल्ट एका दमात कसून देणाऱ्या ठिकाणी हे सर्रास घडते, आणि घरी काम करण्याचा खरा फायदा मला यातच दिसतो की ही एक पायरी आपण सावकाश, नीट करू शकतो.

गाडी नेहमीच्या उंचीवर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, लाकडी गुटका ठेवून जॅकने आर्म उचलत न्यायचा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळले की थांबायचे. अडचण अशी की त्या उंचीला पोहोचेपर्यंत त्या कोपऱ्याचे जवळजवळ सगळे वजन जॅकवर येते आणि गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागते. स्टँड आणि सांगाडा यांच्यात फट दिसू लागली की तत्काळ थांबावे, आणि त्या अवस्थेत शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नसावा. दुसरा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. चाके बसवून गाडी खाली घ्यावी, ती मजबूत रॅम्पवर चढवावी किंवा गॅरेजातील पिटवर (खाली उभे राहून काम करण्याचा खड्डा) न्यावी, बॉनेट दाबून सस्पेन्शन चार-पाच वेळा हलवावे आणि मग खालून बोल्ट टॉर्क रेंचने कसावेत. सैल बोल्टवर गाडी नेण्याचे अंतर अंगणापुरतेच, पायी चालण्याच्या वेगाने असावे. पिट दुसऱ्या गल्लीत असेल तर हा मार्ग घेऊ नये. टॉर्कचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, अंदाजाने किंवा दुसऱ्या गाडीवरून नव्हे. चाकांचे नट लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान कसले जातात. तेही समोरासमोरच्या क्रमाने कसावेत.

पहिली फेरी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर घ्यावी. सुरुवातीला हळू जात ब्रेक दाबावा, मग मागे घेताना दाबावा, आणि आधीचा ‘ठक्’ आवाज गेला की नाही ते ऐकावे. नवा कोणताही आवाज आला तर गाडी तिथेच थांबवून बोल्ट पाहावेत. आर्म निघाला म्हणजे चाकांची दिशा बदललेली असण्याची शक्यता धरावी आणि पुढच्या एक-दोन दिवसांत व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. त्या आधी लांबचा प्रवास करू नये, नाहीतर नव्या बुशचा खर्च टायरवर निघतो. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा चाकांवर उभी असतानाच सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत, आणि काढलेल्या जुन्या बुशपैकी एक कापून पाहावा. रबर कोणत्या बाजूने फाटले आहे ते पाहिले की आधीचा बुश वयाने गेला की कोणी लोंबकळत्या आर्मवर कसला होता, याचा बराचसा अंदाज येतो.